दोन साड्यांवर घेतलेली मुलगी

कर्जत, ६ नोव्हेंबर २०२४

अंतरा,

आशीर्वाद शेवटी. आधी भांडण.

तू फोन उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर मी लिहिलेलं वाचतेस, निळ्या खुणा मला दिसतात, पण उत्तर देत नाहीस. म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र फाडता येतं, पण तू फाडणार नाहीस. तू लहानपणापासून आधी शेवटपर्यंत वाचतेस आणि मग चिडतेस.

मी पोचले. तुझ्या नवऱ्याने प्रत्येक विमानतळावर माझ्यासाठी व्हीलचेअर सांगून ठेवली होती. माझे गुडघे दुखतात, पण मला पाय आहेत हे मिहीरला कोणीतरी सांगायला हवं. बोगोताला एका बाईने मला ढकलत नेलं, माद्रिदला दुसरीने, मुंबईला एका जाड्या माणसाने. सही घ्यायची आणि पार्सल पुढे. कोलंबियाहून कर्जतपर्यंत माझ्याशी कोणी बोललं असेल तर ते एवढंच, "मॅडम, पाय आत घ्या."

दिवाळी झाली. मी काही केलं नाही. चकल्या कोणासाठी तळायच्या? शेजारच्या वैद्यबाई फराळाचं ताट घेऊन आल्या आणि खोदून खोदून विचारू लागल्या, "लवकर आलात? सगळे मिळून येणार होतात ना?" म्हटलं, तिथली हवा मानवली नाही. बघ, तुझ्यासाठी मी हवेवर आळ घेतला.

आता मुद्द्याचं. तू तुझ्या बाजूने जे झालं ते पाहिलंस. माझ्या बाजूचं तू ऐकूनच घेतलं नाहीस. मी खालापूरला दुय्यम निबंधक म्हणून निवृत्त झाले. सगळी हयात लोकांचे जमिनीचे दस्त नोंदवले, आणि समोरच्याचं ऐकल्याशिवाय एकाही कागदावर शिक्का मारला नाही. तू न ऐकता मारलास.

ओजसला बहीण हवी, आणि ती तान्ही नको, मोठी हवी, कारण मोठ्या मुलांना कोणी घेत नाही, असं तुम्ही ठरवलंत तेव्हा मी एका शब्दाने विरोध केला नाही. "कोलंबिया?" एवढंच मी म्हणाले, आणि तोही प्रश्न होता. तुम्ही बार्सिलोनाला राहता, ओजस शाळेत स्पॅनिश बोलतो, तिकडच्या मुलीला भाषेचा जाच होणार नाही, हे मिहीरने समजावलं आणि मला पटलं. कोर्टाचा निकाल लागेपर्यंत त्या देशातच राहावं लागतं, ओजसला सांभाळायला घरचं माणूस हवं, म्हणून "आई, तू चल" असं तूच म्हणालीस. मी या वयात पासपोर्ट काढला. पडताळणीला आलेला हवालदार म्हणाला, "आजी, कुठे दौरा?" म्हटलं, नात आणायला चालले आहे. तो म्हणाला, "डिंकाचे लाडू न्या."

कोलंबियातलं ते डोंगरातलं गाव, मानिसालेस, तुम्हाला सुंदर वाटलं. मला ते माथेरानसारखं वाटलं, फक्त माकडं नव्हती आणि बोलायला माणसं नव्हती. मी नन्सच्या बोर्डिंगमध्ये वाढलेली. माझं इंग्रजी ऐकून मुंबईचे बिल्डर खुर्चीत सरळ बसायचे. त्या गावात त्या इंग्रजीला कुत्रं विचारत नव्हतं. दुकानात मीठ मागायला मी सात वर्षांच्या नातवाचा हात धरून जात होते.

आणि लुसेरो. तिला आणलं त्या दिवशी तू तिला मिठी मारलीस, मिहीर रडला, ओजसने आपली लाल गाडी तिला देऊन टाकली. नऊ वर्षांची पोर, तिने सगळं निमूट घेतलं, रांगेत उभा असलेला माणूस हातात पडेल ते घेतो तसं. मी काहीच केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंथरुणं आवरत होते, तर ती आली आणि तिने ब्लँकेटचं दुसरं टोक धरलं. कोपऱ्याला कोपरा, एक झटका, मग पुढे येऊन माझ्या हातात तिचे कोपरे. अंतरा, ती घडी तुला येत नाही. ती बोर्डिंगमधली घडी आहे. सिस्टर लोक साऱ्या जगात तीच शिकवतात. आम्ही दोघींनी घरातली सगळी ब्लँकेटं घडी घातली, मग तिने एक मुद्दाम उलगडलं, म्हणून परत घातली. एक शब्द बोललो नाही. तू तेव्हा आत चहा करत होतीस. तुला हे माहीत नाही, कारण मी सांगितलं नाही. माझंही काहीतरी असू दे म्हटलं.

त्या रविवारी तू आणि मिहीर आत कोर्टाचे कागद लावत होतात. मी गॅलरीत. लुसेरो आपणहून माझ्यासमोर खाली बसली होती आणि मी तिच्या केसांना तेल लावत होते. ओजस शेजारी. खालून एक बाई हातगाडी ढकलत, ओरडत चालली होती. ओजस म्हणाला, "आजी, ती जुने कपडे मागते आहे." म्हटलं, म्हणजे बोहारीण! आणि मग मी जे बोलले ते आपल्या घरात प्रत्येक पोराला बोललेलं आहे. "हिलाही बोहारणीकडूनच घेतली. माझ्या दोन साड्या दिल्या आणि तुझ्या बाबाची एक पँट. खरं तर मला पातेलं हवं होतं, पण तिच्या टोपलीत तेव्हा हीच शिल्लक होती."

हे माझ्या आईने मला सांगितलं, मी तुला सांगितलं. ओजसला सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता, "मग पातेलं कधी आणायचं?" मराठी घरातलं कुठलं पोर बोहारणीकडून घेतलेलं नाही? आणि हे फक्त आपल्याच पोराला सांगतात. शेजारणीच्या पोराला असं कोणी म्हणून दाखवावं! तिचं डोकं माझ्या हातात होतं, तेल तिच्या मानेवर ओघळत होतं, आणि ती कुठून आली, कशी आली, हे मी त्या घटकेला साफ विसरले होते. हा माझा गुन्हा. तुम्ही सगळे लक्षात ठेवून वागत होतात. मी विसरले.

ओजसने तिला ते स्पॅनिशमध्ये सांगितलं. मी थांबवलं नाही. मला वाटलं ती हसेल.

पुढचं तुला माहीत आहे. सकाळी ती दाराशी बसलेली सापडली, कोट घालून, पिशवी मांडीवर. त्या मानसशास्त्राच्या बाई पाहणीला आल्या, त्यांना तिने विचारलं की साड्या फाटक्या निघाल्या तर ती बाई मला परत न्यायला येईल का. बाईंनी लिहून घेतलं. कोर्टाची तारीख पुढे गेली. आणि तू मला, ओजससमोर, तिच्यासमोर, म्हणालीस, "आई, तू घरी जा."

मी माफी मागायला तयार होते. कोणाची आणि कोणत्या भाषेत, एवढंच विचारलं. त्यावर तू दार लावून घेतलंस.

आशीर्वाद. चौघांना. पाठवायचे तेवढे पाठवते, कोणाला किती ते तू ठरव.

आई

कर्जत, २ डिसेंबर

अंतरा,

काल ओजसचा फोन आला, मिहीरच्या मोबाइलवरून. त्याला रागावू नकोस. तू बाहेर गेली होतीस आणि त्याने मला पहिली बातमी दिली, "आजी, जज हो म्हणाल्या. लुसेरो आता पक्की." मी म्हटलं, छान, दोघांनी भांडू नका, दात घासा. फोन ठेवला आणि बराच वेळ हॉलमध्ये उभी राहिले. काय करायला उठले होते ते आठवेना.

मग शिरा केला. तूप हात सैल सोडून घातलं. खायला कोणी नव्हतं म्हणून भागीला बसवलं. भागी म्हणजे आपल्याकडे धुणंभांड्याला येते ती, ठाकूरवाडीतली. तू गेल्या खेपेला पाहिलीस.

"कशापायी शिरा वो बाय?"

"नात झाली."

"आगं बया! किती किलोची?"

"नऊ वर्षांची."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "म्हंजे वाढवूनशानीच दिली! बरं झालं की. दुपटी धुवाय नको, जागरनं नको. आमच्या सुनंला सांगते, तिकडनंच आन गं एक." आणि स्वतःच्याच बोलण्यावर इतकी हसली की तिला ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर विचारते, "मंग तुमी हितं कशा? नातीपाशी नको का राहाया?"

मी तिला कढई घासायला सांगितली.

ओजस आणखी एक म्हणाला. लुसेरो अजून कपडे कपाटात ठेवत नाही, तिची पिशवी पलंगाखाली भरलेली असते, आणि तू ती रोज रिकामी करतेस. अंतरा, ते बंद कर. पिशवीला हात लावू नकोस. हा सल्ला फुकटचा आहे आणि तुला नको असणार, तरी देते. मला आठव्या वर्षी सिस्टरांकडे ठेवलं तेव्हा माझी पत्र्याची ट्रंक पुढची दोन वर्षं बांधलेली होती. रोज वापरायचे ते कपडेसुद्धा मी रात्री परत आत ठेवायचे. कोणी रागावलं नाही, कोणी समजावलं नाही. एका सुट्टीनंतर मीच ती उघडी टाकली. का, ते मला आजही सांगता येणार नाही.

तू ही गोष्ट कधी ऐकली नव्हतीस. विचारली नव्हतीस.

आई

कर्जत, २१ जानेवारी २०२५

अंतरा,

तुझं उत्तर मिळालं. तीन महिन्यांनी एक ईमेल, आणि त्यात 'प्रिय आई' नाही, 'आई' आणि स्वल्पविराम. स्वल्पविराम मी पाहिला.

पिशवीला हात लावणं बंद केलंस असं लिहितेस. बरं. तिचं नाव बदलणार नाही असंही लिहितेस. ते तर मी कधी सुचवलंच नव्हतं. माझ्या लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने 'सुचेता' लिहून माझं आधीचं नाव पुसलं, तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. ते मी दुसऱ्या कोणाला करीन असं तुला वाटलं तरी कसं?

आता त्या दुसऱ्या परिच्छेदाचं. तो मी पुष्कळदा वाचला.

तू म्हणतेस, "मी पाच वर्षांची असताना खरोखर बोहारणीबरोबर निघाले होते, आठवतं का?" आठवतं का काय! तू शाळेचा डबा घेतलास, पायात बाबांच्या चपला घातल्यास आणि तिच्या लुगड्याचा काठ धरून चालू लागलीस. सगळी आळी दारात आली होती. मी ही गोष्ट खालापूरच्या ऑफिसात वर्षानुवर्षं सांगितली आणि लोक पोट धरून हसले. तुझ्या लग्नात मिहीरच्या आईलाही सांगितली.

तू लिहितेस: "मला बघायचं होतं तू मला परत मागतेस का. तू मागितलं नाहीस. बोहारणीनेच मला परत आणून सोडलं."

अंतरा, मी तुझ्या मागून येत होते.

वैद्यांच्या कुंपणाच्या आतून, अनवाणी. त्यांच्या अबोलीच्या वाफ्यातून चालले म्हणून वैद्यबाईंच्या सासूबाई आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तू कोपऱ्यावरच्या पाणपोईपर्यंत गेलीस. तिथे ती बोहारीण थांबली, तिने टोपली खाली ठेवली, मागे वळून थेट माझ्याकडे पाहिलं आणि खुणेने विचारलं, आता? मी खुणेने सांगितलं, घेऊन ये. मग मी धावत मागच्या दाराने घरात आले आणि तू आलीस तेव्हा उंबऱ्यात उभी होते. हसत. धाप लागलेली होती, ती तुला दिसली नाही.

हाक का मारली नाही, असं तू विचारशील. मला बघायचं होतं तू कुठवर जातेस. तू वळून बघशील असं मला प्रत्येक पावलाला वाटत होतं. तू वळलीच नाहीस. हट्टी होतीस. माझीच.

तुला हे खोटं वाटेल. तुझ्या जागी मी असते तर मीही पुरावा मागितला असता. दस्ताला दोन साक्षीदार लागतात. एक ती बोहारीण. तिचं नावसुद्धा मला माहीत नाही. दुसरे तुझे बाबा, ते खिडकीतून बघत होते, ते गेले. माझ्या बाजूने सांगायला आता कोणी उरलेलं नाही. तेव्हा नोंद कर किंवा करू नकोस.

थंडी चांगली आहे. वाल रुजत घातले आहेत. एका माणसापुरते वाल किती घ्यायचे हे मला अजून जमत नाही, दर वेळी जास्त होतात.

आई

कर्जत, २४ मार्च

अंतरा,

तुझ्या सासऱ्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाला तुम्ही चौघं ईस्टरच्या सुट्टीत येणार, हे मला वैद्यबाईंकडून कळलं. त्यांना त्यांच्या पुण्याच्या जावेने सांगितलं. मी चेहरा असा ठेवला की जणू आमंत्रणपत्रिकेचा मजकूर मीच लिहिला आहे.

मग तुझी ईमेल आली. मुंबईहून पुण्याला जाताना एक्स्प्रेसवेवर खालापूरच्या फूडमॉलला तुम्ही थांबाल, अर्धा तास. मी तिथे यावं. घरी नको, कारण लुसेरोला "अजून एक नवीन घर" नको. आणि तिथे मी गंमत करू नये. "कुठलीही, आई."

मी आधी ठरवलं, जायचं नाही. मी काय टोलनाका आहे, येता-जाता थांबायला? ज्या खालापुरात लोक माझ्या दारात सकाळपासून तिष्ठत बसायचे, तिथे मी वडापावच्या काउंटरपाशी उभं राहून स्वतःच्या मुलीची वाट बघायची! हे सगळं मी भागीला ऐकवलं. ती फरशी पुसत होती.

"मंग नका जाऊ," ती म्हणाली.

"तुला काय कळतंय? नात आहे माझी."

"मंग जावा."

"गंमत करू नका म्हणते. मी गंमत केल्याशिवाय बोलणार काय?"

"बोलूच नका. नुसत्या बसा गप. जमंल?"

"न जमायला काय झालं?"

भागी फडकं पिळत होती. तिची पाठ हलत होती. हसत होती.

अंतरा, मी येईन. गंमत करणार नाही. मी आरशासमोर बसून सराव करते आहे. "कशी आहेस? शाळा आवडते का? भूक लागली का?" अशी वाक्यं. मला माझंच बोलणं ऐकून झोप येते. पण सराव चालू आहे.

तिला कोणता रंग आवडतो ते कळव. नाही कळवलंस तर मी काहीच आणणार नाही. कपडे तर नाहीच आणणार, एवढी अक्कल मला आहे.

आई

कर्जत, १३ एप्रिल, रविवार

अंतरा,

हे पत्र पुण्याच्या पत्त्यावर पाठवते आहे. उद्या पोस्ट बंद, परवा स्पीड पोस्टने टाकीन. तुम्ही परत निघायच्या आत मिळायला हवं.

काल तुम्ही गेल्यावर काय झालं ते तुला माहीत नाही, आणि आधी काय झालं ते तू तुझ्या बाजूने पाहिलंस. माझी सवय तुला ठाऊक आहे.

दशरथ मला रिक्षाने घेऊन आला. आमच्या ऑफिसचा जुना शिपाई, आता रिक्षा चालवतो. एक्स्प्रेसवेवर रिक्षा चालत नाही, म्हणून त्याने मागच्या बाजूला, जिथून तिथली कामाची माणसं ये-जा करतात, त्या फाटकाशी सोडलं. मी मागच्या दाराने आले म्हणून तुला मी आधी दिसले नाही. मला तू दिसलीस. तू पुढच्या बाजूला बघत होतीस, मान उंच करून, घड्याळाकडे नजर टाकत. मी थोडा वेळ तशीच थांबले. माझी वाट बघताना तुला मी किती वर्षांत पाहिलं नव्हतं.

तुझे केस पिकायला लागले आहेत. मी बोलले नाही. गंमत समजली असतीस.

मिहीरने कॉफी आणली. ओजस माझ्या मांडीवर बसण्याइतका आता लहान नाही हे आम्हा दोघांनाही बसल्यावर कळलं. आपण काय बोललो? तुझ्या सासऱ्यांच्या समारंभाला किती माणसं, माझे गुडघे, बार्सिलोनातलं घरभाडं. मी सराव केलेली सगळी वाक्यं तुझ्यावर वापरली, कारण जिच्यासाठी केली होती ती गाडीतून उतरली नाही. तू दोनदा जाऊन आलीस. "तिला गर्दी नको वाटते," म्हणालीस. मी म्हटलं, बरोबर आहे, मलाही नको वाटते. समोरून लग्नाची एक अख्खी बस उतरली आणि सगळे वडापावावर तुटून पडले. एवढ्या गोंगाटात माझं "बरोबर आहे" तुला ऐकू आलं की नाही, देव जाणे. अंतरा, मी ते मनापासून म्हटलं होतं.

अर्धा तास संपला. तू उठलीस. मी तुमच्याबरोबर गाडीपर्यंत आले. ओजस पलीकडून चढला, मिहीरने चावी फिरवली. मी तिच्या काचेशी उभी राहिले. आत ती बसलेली. उंच झाली आहे. केस कापलेत. ती माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. मी हात हलवला नाही, काचेवर टकटक केलं नाही, हसलेसुद्धा नाही, कारण माझं हसणं तिला कसं दिसतं हे मला माहीत नाही. नुसती उभी होते. ऊन डोक्यावर होतं.

मग काच खाली आली. तिनेच केली. तुम्ही कोणी सांगितलं नव्हतं.

"तू ओजसची आजी," ती म्हणाली. मराठीत. तुम्ही तिला इतकं मराठी शिकवलंत आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीत.

"हो," मी म्हटलं.

"तू इथे राहते?" तिने फूडमॉलकडे बोट केलं.

आता सांग, यावर माझ्या जिभेवर काय काय आलं असेल! मी गिळलं. "नाही. त्या बाजूला. डोंगराच्या पलीकडे. कर्जत."

"घर?"

"हो, घर."

"कोण राहते?"

"मी."

"आणि?"

"आणि कोणी नाही. सकाळी भागी येते कामाला. मग जाते."

तिने यावर विचार केला. तिच्या कपाळाला मधोमध एक आठी पडते, ती मला मानिसालेसला दिसली नव्हती. मग तिने विचारलं, "तुला न्यायला कोणी येत नाही?"

तिने दयेने विचारलं नाही. टोमणाही नव्हता. चौकशी होती. जिथे ती वाढली तिथे दर शनिवारी मुली एकमेकींना हेच विचारत असणार. आम्हीही विचारायचो.

माझं तोंड बंद पडलेलं तू आयुष्यात पाहिलं नव्हतंस, ते काल पाहिलंस. मग मागून एका टेंपोवाल्याने हॉर्न मारला, मिहीरने गाडी काढली, काच वर गेली, आणि तुम्ही गेलात.

परत येताना दशरथ म्हणाला, "भेटली का बाई नात?"

"भेटली."

"बोलली का काय?"

"चौकशी केली."

"हुशार हाय म्हंजे," तो म्हणाला.

घरी आले आणि मग सगळी उत्तरं सुचली. माझं स्वतःचं घर आहे. पेन्शन आहे. मी कोणाच्या न्यायची वाट बघत बसलेली बाई नाही. मला कुठे जायचं असेल तर मी रिक्षा सांगते. मी एकटीने माद्रिदला विमान बदलून आले आहे. ही सगळी मी काल रात्रीपर्यंत मनात म्हणून पाहिली, मोठ्यानेही म्हणून पाहिली. सगळी खरी आहेत. तिच्या प्रश्नाचं उत्तर त्यातलं एकही नाही.

तू पुढच्या सीटवर पट्टा लावत होतीस. तिचा प्रश्न तुलाही ऐकू गेला. तुझा हात थांबला, मी पाहिला. म्हणून हे लिहायचं धाडस करते आहे.

पुढच्या रविवारी तुम्ही विमानाला परत निघाल. पुण्याहून येताना खालापूरला बाहेर पडा, चौक गावावरून कर्जतचा रस्ता धरा. दुपारी वाहतूक नसते. मी स्वयंपाक काही विशेष करणार नाही. कोणाला बोलावणार नाही, वैद्यबाईंना कडी लावायला सांगीन. तिला आत यायचं नसेल तर गाडीतच बसू दे. मी अंगणात खुर्ची टाकून बसेन. तिला फक्त घर बघायचं असेल तर बाहेरून बघू दे आणि गाडी वळवा. मला चालेल. मला काय काय चालतं हे बघून मीच थक्क होते आहे.

यायचं नसेल तर नका येऊ. मग एवढंच कर. लहान मुलीने सरळ प्रश्न विचारला आहे, तिला सरळ उत्तर मिळायला हवं. तिला सांग, आजी म्हणाली, नाही, कोणी येत नाही. आणि सांग की कोणी यावं असं आजीला वाटतं.

हे तू स्वतः सांग, अंतरा. तुझ्या तोंडाने.

आई